रस्त्यावरची बाईक ट्रॅकसाठी तयार करायची, की वेगळी ट्रॅक बाईक घ्यायची?

केटीएम आरसी ३९० चाकणला तयार होते आणि एप्रिलिया आरएस ४५७ बारामतीला. ट्रॅकवर शोभतील अशा दोन गाड्या एकट्या पुणे जिल्ह्यात बनतात, पण त्या खऱ्या अर्थाने पिळायच्या तर आपल्यातल्या बहुतेकांना दक्षिणेकडे निघावं लागतं. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, ३.७ किलोमीटरचं, १२ वळणांचं. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा. उत्तरेला ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट, जिथे २०२३ मध्ये मोटोजीपी झाली. म्हणून महाराष्ट्रातल्या रायडरने "कोणती गाडी जास्त पळते?" हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. गाडी तिथपर्यंत कशी न्यायची, आणि तिथे पडली तर सोमवारी कामावर कशाने जायचं, हे आधी ठरवावं. गाडी कोणती घ्यायची हे त्यावरून बरंचसं ठरतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पहिले काही ट्रॅक डे, म्हणजे शर्यत न लावता ट्रॅकवर गाडी चालवायचे दिवस, स्वतःच्याच गाडीवर करा, आणि तिच्यात तेवढेच बदल करा जे एका संध्याकाळी परत फिरवता येतील. ट्रॅकची गोडी टिकली, तर दुसरी सेकंडहँड गाडी घेऊन ती कायमची ट्रॅकला द्या. रेसिंगमधून निवृत्त झालेली तयार गाडी हा चांगला सौदा होऊ शकतो, पण ती तपासण्याइतकी नजर तयार झाल्यावर. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: रोजच्या गाडीला अर्धी रेस बाईक बनवणं. खाली आणलेल्या हँडलने सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मनगटं भरून येतात. रेसचे ब्रेक पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, आणि शहरात ते कधी तापतच नाहीत. मऊ टायर हायवेवर मधून सपाट होतो आणि ट्रॅकवर गेल्यावर वळणात गाडी झुकवताना अडखळते. पैसे दोन्हीकडचे जातात, सुख एकाही ठिकाणी मिळत नाही.

आधी कागद

स्वतःची विमा पॉलिसी काढून "लिमिटेशन्स ॲज टू यूज" हा भाग वाचा. आपल्याकडच्या दुचाकी पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी, पेस मेकिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल या वापरांना संरक्षण नसतं. ट्रॅक डे ही शर्यत नाही असा युक्तिवाद करता येईल, पण तुटलेल्या फेअरिंगचे (गाडीभोवतीच्या आवरणाचे) पैसे त्या युक्तिवादाच्या भरवशावर सोडू नका. ट्रॅकवर झालेलं नुकसान आपल्याच खिशातून भरायचं आहे असं धरून चला. गाडीवर कर्ज असेल तर जास्तच विचार करा, कारण गाडी मोडली तरी हप्ते थांबत नाहीत.

दुसरा कागद आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. त्यासाठी कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सायलेन्सरची गत तर आपण पाहतोच: जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात. तेव्हा रस्त्यावर परत येणाऱ्या गाडीचे आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, साडी गार्ड, मूळ सायलेन्सर हे सगळं एका खोक्यात नीट नावं घालून ठेवा. बोल्टसुद्धा ज्याचे त्याच पिशवीत.

स्वतःची गाडी तयार करणं

तीन आठवडे आधी आयोजकाकडून तपासणीचे नियम मागवून घ्या. प्रत्येकाचे थोडे वेगळे असतात. कोणी काचांना टेप लावली की सोडतो, कोणाला आरसे आणि नंबर प्लेट पूर्ण काढलेली हवी असते, आणि कुठे कूलंट चालत नाही. नियम कळले की सुटे भाग मागवायला वेळ मिळतो.

पहिला खर्च ब्रेक ऑइलचा. हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि ट्रॅकवर सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. डॉट ४ ऑइल नवीन असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं. हवेतली ओल शोषून घेतली की हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. रस्त्यावर ते कळत नाही. ट्रॅकवर पाच-सहा फेऱ्यांनंतर लिव्हर हळूहळू हँडलकडे यायला लागतो, कारण आत वाफ तयार होते आणि वाफ दाबली जाते. नवीन डबा फोडा, पूर्ण जुनं ऑइल बाहेर काढा, बुडबुडे जाईपर्यंत ब्लीड करा. डॉट ५.१ आणखी चांगलं: कोरडं असताना २६० अंश. पण नुसतं "डॉट ५" लिहिलेलं घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं आणि आपल्या गाड्यांना चालत नाही.

पॅडची जाडी बघा. निम्म्याहून कमी राहिली असेल तर बदला. घरी ती महिनाभर पुरेल, ट्रॅकवर दोन दिवसांत संपेल.

टायरवर चार आकड्यांचा तारखेचा शिक्का असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर कितीही नवा दिसला तरी ट्रॅकवर नको. पहिल्या काही दिवसांसाठी चांगला स्पोर्ट रेडियल रोड टायर पुरतो. केटीएमची आरसी ३९० आणि टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० या दोघींना पुढे ११०/७०-१७ आणि मागे १५०/६०-१७ हे माप लागतं, त्यामुळे निवड भरपूर आहे. स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या रेस टायरच्या मोहात पडू नका. वॉर्मरशिवाय (टायर आधी तापवणाऱ्या आवरणाशिवाय) स्लिक थंड राहतो, आणि पहिल्याच फेरीत गाडी हातातून सुटते.

आठवडाभर आधी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. पातळी खालच्या रेषेजवळ ठेवू नका. छोटी इंजिनं दिवसभर आरपीएमच्या लाल रेषेजवळ फिरली की ऑइल खातात, म्हणून एक लिटर सोबत न्या आणि दर सेशननंतर (ट्रॅकवरच्या प्रत्येक पाळीनंतर) ऑइलच्या खिडकीत पातळी बघा. चेनचा ढिलेपणा गाडीवर कोणीतरी बसलेलं असताना तपासा. स्टँडवर बरोबर वाटणारी चेन वजन पडल्यावर ताठ होते.

इंजिनला हात लावू नका. एअर फिल्टर, ईसीयू (इंजिनाचा संगणक), फुल सिस्टम (पूर्ण एक्झॉस्ट) यातलं काहीही पहिल्या वर्षात तुमच्या वेळेतून एक सेकंदही कमी करणार नाही. एबीएससुद्धा चालू ठेवा. मागचा एबीएस बंद करणारे मोड अनुभवी हातांसाठी आहेत.

सॅग: अर्ध्या तासाचं काम, दिवसभराचा फायदा

गॅरेजवाले सहसा हे करत नाहीत, म्हणून जरा सविस्तर. सॅग म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती बसते. मोजमाप टेप आणि दोन मित्र एवढंच लागतं. ट्रॅकवर घालणार ते सगळे कपडे घाला. सूट, बूट, हेल्मेट, पाठीचा गार्ड यांचं वजन सहज सात-आठ किलोच्या वर जातं.

मागचं चाक जमिनीवरून उचलून धरा. चाकाच्या एक्सलपासून वर सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत अंतर मोजा. समजा ते ५२० मिलिमीटर आहे. आता गाडी जमिनीवर टेकवून, ट्रॅकवर बसतो तसं बसा, पाय फूटरेस्टवर. एक जण हँडल धरून गाडी सरळ ठेवेल, दुसरा मोजेल. त्याने आधी मागचा भाग खाली दाबून हळू सोडायचा आणि आकडा घ्यायचा, मग वर उचलून हळू सोडायचा आणि आकडा घ्यायचा. लिंकेज आणि सील यांच्या घर्षणामुळे हे दोन आकडे वेगळे येतात. त्यांची सरासरी धरा. ती ४७८ आली तर सॅग ४२ मिलिमीटर. ट्रॅकसाठी ३० ते ३५ च्या आसपास हवा, म्हणजे मागचा प्रीलोड, स्प्रिंगवरचा आगाऊ दाब, वाढवायचा. पुढे फोर्कवर, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळीवर, एक प्लॅस्टिकची केबल टाय बांधून हाच हिशोब करता येतो.

आणखी एक आकडा घ्या: तुम्ही उतरल्यावर गाडी नुसत्या स्वतःच्या वजनाने किती बसते. मागे पाच-दहा मिलिमीटर तरी बसली पाहिजे. तुमच्या वजनाला सॅग बरोबर, पण एकटी गाडी अजिबातच बसत नाही, असं आलं तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे आणि प्रीलोड कितीही फिरवला तरी ते दुखणं जाणार नाही. ८५-९० किलोच्या माणसांना हे बऱ्याचदा येतं. स्प्रिंग बदलणं हा खर्च मात्र ट्रॅकला दिलेल्या गाडीवर करा, रोजच्या गाडीवर नको.

आदल्या दिवशी आणि ट्रॅकवर

आरसे, नंबर प्लेट, इंडिकेटर, साडी गार्ड, मागचे फूटरेस्ट काढा. हेडलाइट आणि टेललाइटवर टेप मारा, म्हणजे पडल्यावर काच ट्रॅकभर पसरणार नाही. साइड स्टँड काढण्याची घाई नको. बऱ्याच गाड्यांना स्टँडचा स्विच असतो आणि तो निघाला की गिअर टाकताच इंजिन बंद पडतं. स्टँड घट्ट बांधून ठेवला तरी पुरतो.

तपासणीच्या वेळी तंत्रज्ञ ब्रेक लिव्हर जोरात दाबून धरतो, थ्रॉटल पूर्ण फिरवून सोडतो आणि तो खटकन परत येतो का बघतो, चाक दोन्ही हातांनी हलवून बेअरिंग चाचपतो, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतो. हे चारही तुम्ही घरीच करून बघा. हजार किलोमीटर जाऊन बेअरिंगसाठी परत फिरण्यात अर्थ नाही.

हवा सकाळी थंड टायरमध्ये भरा आणि खरी मोजणी सेशनवरून आत आल्या आल्या करा. गरम झाल्यावर दाब वाढतो. टायर कंपनीचा ट्रॅकसाठीचा आकडा असेल तर त्याच्या जवळ ठेवा. स्वतःचा गेज न्या आणि दिवसभर तोच वापरा. दुपारी चेन्नईच्या उन्हात डांबर सकाळपेक्षा खूपच तापतं, तेव्हा सकाळचा आकडा दुपारी चालत नाही.

दुसरी गाडी कायमची ट्रॅकला देताना

इथे मन लावून काम करायला मजा आहे. निवडीच्या बाबतीत माझा कल छोट्या इंजिनाकडे आहे. यामाहा आर१५ कारीच्या वळणांवर जे शिकवते, ते मोठी गाडी शिकवत नाही, कारण तिच्यावर वळणातला वेग सोडला तर सरळ पट्ट्यावर तो भरून काढायला ताकद नसते. मद्रासच्या ट्रॅकसाठी जुनी आरसी ३९० किंवा आरआर ३१० ही उत्तम जोडी. टीव्हीएसने आरआर ३१० डिसेंबर २०१७ मध्ये २.०५ लाखांना आणली, नवी आरसी ३९० २०२२ मध्ये ३.१४ लाखांच्या आसपास आली, आणि आरएस ४५७ २०२३ च्या डिसेंबरात ४.१० लाखांना, या सगळ्या एक्स-शोरूम. हे आकडे लक्षात ठेवून सेकंडहँडचा भाव करा. फेअरिंग घासलेली, टाकीला पोचा असलेली, पण फ्रेम आणि इंजिन शाबूत असलेली गाडी शोधा. रस्त्यासाठी तिचा भाव पडलेला असतो आणि ट्रॅकसाठी ती फेअरिंग तशीही काढायचीच असते.

कामाचा क्रम असा ठेवा. मूळ फेअरिंग, हेडलाइट, वायरिंगचा अनावश्यक भाग उतरवा आणि फायबरग्लासची रेस फेअरिंग बसवा. ती पडल्यावर घरी रेझिन लावून जुळवता येते. खालचा भाग बंद तळाचा घ्या, म्हणजे इंजिन फुटलं तर ऑइल त्यात साठेल आणि मागच्याच्या चाकाखाली जाणार नाही. मग इंजिनच्या दोन्ही बाजूंना केस कव्हर, फ्रेम स्लायडर (पडल्यावर फ्रेमऐवजी घासले जाणारे गोटे), पुढच्या ब्रेक लिव्हरला गार्ड. हे चार भाग पडलेल्या गाडीला त्याच दिवशी परत उभं करतात.

कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक घाला. कूलंटमधलं ग्लायकॉल सांडलं की ट्रॅकवर चिकटून राहतं आणि वाळत नाही. पाणी उन्हात उडून जातं.

ड्रेन बोल्टला (इंजिन ऑइल काढायच्या खालच्या बोल्टला) लॉकवायर करा, म्हणजे तो सुटू नये म्हणून तारेने बांधा. बोल्टच्या डोक्याला दीड मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यासाठी ड्रिल प्रेस आणि थोडं कटिंग ऑइल हवं, नाहीतर ड्रिल बिट मोडून आतच राहतो. ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार भोकातून ओवून पीळ द्यायचा, एका सेंटीमीटरला तीन-चार वेढे, आणि दुसरं टोक इंजिनवरच्या एखाद्या पक्क्या जागी बांधायचं. तार अशा बाजूने ओढली गेली पाहिजे की बोल्ट सैल व्हायला लागला तर ती ताणली जाईल. उलट्या बाजूने बांधलेली तार दिसायला तशीच दिसते, पण उपयोग शून्य. ऑइल भरायचं झाकण, फिल्टरचे बोल्ट आणि पुढचे कॅलिपर बोल्ट यांनाही हेच.

गिअरिंगचा प्रयोग शेवटी. आरसी ३९० च्या चेनच्या स्प्रॉकेटना (दातेरी चाकांना) पुढे १५ आणि मागे ४५ दात येतात, म्हणजे ३.०० चं प्रमाण. पुढे १४ चं स्प्रॉकेट लावलं की ते ३.२१ होतं, सात टक्के आखूड. स्वस्त बदल आहे, आणि कारीसारख्या आखूड ट्रॅकवर वळणातून बाहेर येताना लगेच जाणवतो. बुद्धच्या एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यावर मात्र हाच बदल अंगाशी येतो, गाडी पट्टा संपायच्या आधीच लिमिटरला, म्हणजे इंजिनच्या आरपीएमच्या मर्यादेला, जाऊन बसते.

तयार रेस बाईक घेताना

अशा गाड्या बहुतेक चेन्नई, कोइम्बतूर, बेंगळुरूच्या पॅडॉकमधून, रेस टीमच्या वर्तुळातून, हातोहात जातात. केलेलं काम पाहता किंमत कमी वाटते, आणि बऱ्याचदा ती खरोखरच कमी असते. पण कागद काय आहेत हे पहिल्यांदा विचारा. पासिंग झालेली गाडी असेल तर आरसी, कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला, दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी. पासिंग न झालेली असेल तर मूळ बिल आणि विक्रीपत्र. चासी नंबर कागदाशी स्वतः जुळवा. कागदाशिवाय "ट्रॅकवरच तर चालवायचीय" म्हणून गाडी घेतली, तर ती टेम्पोत घालून तीन राज्यांतून नेताना चोरीची नाही हे कशाने दाखवणार?

मग गाडीवर या. पुढचं चाक उचलून हँडल बोटाने हळू फिरवा, मधोमध अडकल्यासारखं झालं तर स्टिअरिंगचं बेअरिंग गेलंय. फ्रेमवरचे हँडल थांबवणारे ठोकळे बघा. ते चेपले असतील तर गाडी जोरात आपटलेली आहे. फोर्कच्या नळ्या ट्रिपल क्लॅम्पमध्ये (त्या धरून ठेवणाऱ्या पकडीत) ढिल्या करून फिरवून बघू देणारा विक्रेता प्रामाणिक समजावा. ड्रेन बोल्टचे आटे खाल्लेले आहेत का हे ऑइल बदलायच्या निमित्ताने पाहून घ्या. इंजिन शेवटचं कधी खोललं, तेव्हा काय बदललं, त्यानंतर किती तास चाललं, हे तारखेसह लिहून ठेवलेलं असेल तर दहा-वीस हजार जास्त द्यायलाही हरकत नाही. नुसतं "एकदम मक्खन आहे" एवढंच ऐकायला मिळालं तर इंजिनच्या कामाचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

ने-आण

पुण्याचा बायपास ज्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आहे, तोच रस्ता कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत थेट मद्रास सर्किटच्या दारावरून जातो. साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास. स्वतःची आरसी असलेली गाडी चालवत नेणं शक्य आहे, पण मी सांगणार नाही. दोन दिवसांचा प्रवास करून ट्रॅकवर उतरणारं शरीर थकलेलं असतं, आणि गाडी पडली तर घरी यायचा रस्ता बंद. तीन-चार जणांनी मिळून पिकअप केली की माणशी खर्च आवाक्यात येतो. गाडी पुढच्या चाकाच्या चॉकमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खोबणीत, उभी करा. पट्टे खालच्या ट्रिपल क्लॅम्पला बांधा, हँडलच्या टोकांना नको. फोर्क अर्धाच दाबा. पूर्ण दाबून हजार किलोमीटर नेलं तर सील गळायला लागतात. ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईला ईशान्य मोसमी पाऊस असतो, तेव्हा पहिली वारी जानेवारी-फेब्रुवारीत ठरवा.

पैसे कुठे आधी घालायचे

हातात ठरावीक रक्कम असेल तर क्रम हा: एकसंध लेदर सूट, घोटा झाकणारे बूट, मनगटावर चढणारे ग्लोव्हज, चांगलं फुल-फेस हेल्मेट. हे अंगाला बसणारं नवीन घ्या, मित्राचं मागून आणू नका. त्यानंतर प्रशिक्षण. मद्रासच्या ट्रॅकवर रायडिंग स्कूल भरतात. तिथे मिळणारी एका दिवसाची शिकवण कुठल्याही एक्झॉस्टपेक्षा मोठा फरक पाडते. मग टायर आणि ब्रेक. गाडी त्यानंतर.

पुढे शर्यतीत उतरायचं ठरलं तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संघटनेचं) लायसन्स आणि वैद्यकीय तपासणी लागेल, आणि गाडी त्या वर्गाच्या नियमांत बसली पाहिजे. म्हणून दुसरी गाडी घेण्याआधीच कोणत्या वर्गात धावायचं आहे ते बघून घ्या. नियमात नसलेला पिस्टन किंवा ईसीयू घातलेली स्वस्त गाडी नंतर मूळ अवस्थेत आणणं, मूळ गाडी घेण्यापेक्षा महाग पडतं.